धावपटूच्या स्मरणातले आकडे

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठात, १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग सुरू झाला. एका विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. सगळे बरोबर आले की पुढच्या खेपेला एक आकडा जास्त, चुकले की एक कमी. शोधनिबंधात या विद्यार्थ्याचा उल्लेख ‘एस. एफ.’ असा आहे. त्याची स्मरणशक्ती चारचौघांसारखी होती. सुरुवातीला सातेक आकड्यांपुढे त्याची मजल जात नव्हती.

आठवड्यातले तीन ते पाच दिवस, दर वेळी साधारण तासभर, असा सराव वीसेक महिने चालला. २३० तासांहून जास्त वेळ दिल्यावर एस. एफ. ७९ आकडे क्रम न चुकता म्हणून दाखवू लागला. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी १९८०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा प्रयोग मांडला. त्यात ७९ या संख्येहून मोलाचे आहे ते त्यामागचे कारण.

एस. एफ. लांब पल्ल्याचा धावपटू होता आणि शर्यतींच्या वेळा त्याच्या अंगात भिनलेल्या होत्या. ३, ४, ९, २ असे कानावर पडले की त्याच्यासाठी ते चार सुटे आकडे राहत नसत. ती ३ मिनिटे ४९.२ सेकंदांची, मैलाच्या जागतिक विक्रमाच्या जवळपासची वेळ होई. ही नोंद किती नेमकी आहे पाहा. न्यूझीलंडच्या जॉन वॉकरने १९७५मध्ये मैलाचे अंतर ३ मिनिटे ४९.४ सेकंदांत कापले होते आणि ब्रिटनच्या सेबॅस्टियन कोने १९७९मध्ये तो विक्रम ३ मिनिटे ४९ सेकंदांवर आणला. एस. एफ.ची वेळ बरोबर या दोघांच्या मध्ये पडते. अर्ध्या मैलापासून मॅरेथॉनपर्यंतच्या वेळा त्याच्या डोक्यात आधीपासूनच वेगवेगळ्या लावलेल्या होत्या. शर्यतीत न बसणारे आकडे तो माणसाच्या वयात बसवी. ८९३ म्हणजे ८९.३ वर्षांचा म्हातारा. मग अशा तीन-चार आकड्यांच्या गटांचे त्याने मोठे गट केले आणि त्यांचा क्रम पक्का केला.

संशोधकांनी या उलगड्याची परीक्षाही घेतली. शर्यतीची वेळ होऊच शकणार नाही असे आकडे त्यांनी मुद्दाम रचून दिले, तेव्हा तो जवळजवळ पहिल्या दिवसाच्या पातळीवर घसरला. आकड्यांच्या जागी मुळाक्षरे दिली, तर सहाच्या आसपास लक्षात राहिली. महिनोन्‌महिन्यांच्या सरावानंतरही! पुढे डी. डी. या दुसऱ्या धावपटूला हीच रीत शिकवण्यात आली आणि तो शंभराच्या पुढे गेला.

म्हणजे एस. एफ.ची स्मरणशक्ती सर्वार्थाने वाढलेली नव्हती. धावण्याचे जे ज्ञान त्याने आधी वेगळ्याच कारणासाठी कमावले होते, त्याच्या खुंट्यांवर त्याने आकडे अडकवले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत ‘आपली बलस्थाने ओळखा’ हा सल्ला हमखास भेटतो. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे. बलस्थान हा माणसाच्या अंगी सगळीकडे सारखा पसरलेला गुण नसतो; ते एका विशिष्ट क्षेत्रात साठवलेले, रचून ठेवलेले ज्ञान असते. नवी गोष्ट त्याला जोडली तरच ती झपाट्याने वाढते, आणि हा जोड आपोआप होत नाही.

मंगळूरच्या राजन महादेवन यांनी १९८१मध्ये पायच्या दशांशस्थळांचे ३१,८११ अंक तोंडपाठ म्हणून जागतिक विक्रम केला. त्यांची स्मरणशक्ती जन्मजातच अलौकिक असावी, असा अनेकांचा समज होता. एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी त्यांना अंकांऐवजी प्रश्नचिन्हासारखी निरनिराळी चिन्हे दिली. महादेवन यांना सुरुवातीला सहाच चिन्हे क्रमाने सांगता आली. मिशेलिन ची या संशोधिकेने १९७८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा वर्षांच्या आसपासची बुद्धिबळ खेळणारी मुले आणि मोठी माणसे समोरासमोर आणली. पटावरच्या मोहऱ्यांच्या जागा मुलांनी जास्त लक्षात ठेवल्या, तर आकडे लक्षात ठेवण्यात मोठी माणसे पुढे राहिली. वय तेच, डोकी तीच. विषय बदलताच पारडे फिरले.

वाचनाचेही असेच आहे. १९८८मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात तरबेज होती, काही कच्ची. आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी आणि न जाणणारी अशी दोन्ही प्रकारची मुले होती. वाचून झाल्यावर मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर खेळ मांडून दाखवायचा आणि काय घडले ते सांगायचे. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुले, चांगले वाचणाऱ्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. ‘याला वाचताच येत नाही’ असा शिक्का ज्या मुलावर बसतो, त्याला नेमके काय वाचायला दिले होते, हा प्रश्न शिक्षकाने आणि पालकाने विचारायलाच हवा.

सकारात्मक मानसशास्त्रानेही बलस्थानांच्या विषयाला हात घातला. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४मध्ये जिज्ञासा, चिकाटी, कृतज्ञता अशा २४ स्वभावगुणांची यादी सिद्ध केली. दुसऱ्या वर्षी इंटरनेटवरून घेतलेल्या प्रयोगात काही लोकांना आपले ठळक गुण फक्त ओळखून ते जास्त वापरायला सांगितले, तर काहींना त्यातला एक गुण आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरायला सांगितले. पहिल्या गटावरचा परिणाम तात्पुरता ठरला. दुसऱ्या गटात समाधानातली वाढ सहा महिन्यांनंतरही दिसली. २०१२मध्ये हे काम पुन्हा करून पाहणाऱ्यांना मात्र हा व्यायाम आणि नुसत्या सुखद आठवणी लिहिणे यांत विशेष फरक आढळला नाही. त्यामुळे यावर फार मोठे इमले बांधू नयेत.

गुण अंगात असूनही तो जोडला न गेल्याने काय होते, हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते बाजारात. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडून खरेदी करत करत त्यांचे गणित तपासले आणि १९८५मध्ये निष्कर्ष मांडले. बारा वर्षांच्या एका विक्रेत्याला ३५ क्रुझेरोला एक या भावाने चार नारळांचे किती, असे विचारले. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात एकाची किंमत मिळवली आणि १४० सांगितले. नंतर तेच ‘३५ गुणिले ४’ कागदावर आले. तेव्हा त्याने हातचा दोन आधीच तीनमध्ये मिळवला, मग चारने गुणले आणि उत्तर काढले २००. विक्रीच्या ओघात या मुलांची ९८ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर होती. नुसत्या आकडेमोडीत ते प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आले.

रेसिफेत मुले होती अवघी पाच. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली; ती २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आली. गिऱ्हाईक म्हणून जायचे, २० रुपये किलोचे बटाटे ८०० ग्रॅम आणि १५ रुपये किलोचे कांदे १ किलो ४०० ग्रॅम मागायचे आणि २०० रुपयांची नोट पुढे करायची. एकूण ३७, परत १६३. कोलकात्यात दुसऱ्या प्रयत्नापर्यंत ९५ ते ९८ टक्के हिशेब बरोबर आले. त्याच मुलांपैकी जेमतेम ३२ टक्क्यांना शाळेच्या पद्धतीने तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

बाजारात काम न करणाऱ्या ४७१ शाळकरी मुलांचे चित्र नेमके उलटे होते. साध्या लेखी गणितात ती सरस ठरली. पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवला, तो शाळकरी मुलांपैकी फक्त १ टक्क्याला जमला. दोन्हीकडे बुद्धी आहे, दोन्हीकडे मेहनत आहे. मध्ये रस्ता नाही. हे वाचून अस्वस्थ व्हायला हवे, कारण भाजीच्या गाडीवर दिवसभर तोंडी हिशेब करणारा मुलगा शाळेच्या कागदावर ‘गणितात ढ’ ठरतो आणि पुढे स्वतःही तसेच मानू लागतो.

असा रस्ता महाराष्ट्राने एकेकाळी बांधला होता. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. पाव, अर्धा, पाऊण, दीड या मापांतच सारा व्यवहार चाले आणि पाटीवरचे गणितही त्याच मापांचे असे. १९५७मध्ये दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक वजने आली आणि हे पाढे मागे पडले. त्यांची घोकंपट्टी परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. पण बाजार आणि पाटी यांना जोडण्यामागचा विचार आजही उपयोगी आहे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉनमध्ये, लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवले: शिकवायला नव्हे, शिकून घ्यायला. १९९२मध्ये त्यांनी लिहिले की एक विद्यार्थी मेक्सिकोतून आणलेल्या गोळ्या-मिठाया विकत असल्याचे शिक्षिकेला अशाच एका भेटीत समजले. तिने वर्गात मिठाई हाच विषय घेतला. घटकांची तुलना झाली, आवडीनिवडींची पाहणी करून आलेख काढले गेले, आणि एका विद्यार्थ्याची आई मेक्सिकन मिठाई करून दाखवायला वर्गात आली.

हीच रीत मोठ्या माणसालाही लागू पडते. घरगुती डबे पुरवणारी एखादी बाई संगणकावर हिशेब मांडायला शिकते तेव्हा तिला बहुधा कुठल्या तरी काल्पनिक कंपनीच्या विक्रीचे आकडे सरावाला मिळतात. त्याऐवजी पहिल्या रकान्यात तिच्याच डब्यांची संख्या असावी, पुढच्या रकान्यांत कणीक, तेल, भाजी आणि गॅसचा खर्च, आणि शेवटी सूत्र. एका डब्यामागे काय सुटते हे तिला तोंडपाठ असते. त्यामुळे पडद्यावर भलताच आकडा उमटला, तर सूत्र चुकले आहे हे शिकवणाऱ्याच्या आधी तिच्याच लक्षात येते.