पाषाणच्या थंडीत, झाडाला टांगून एक रात्र

सकाळी 10. आज रात्रीचा मुक्काम पाषाणला, काकूंच्या अंगणात. आमच्या हिवाळी शिबिरात काही जणांना तंबूऐवजी हॅमॉक, म्हणजे झाडांना टांगायची झोळी, द्यावी असे मनात आहे. घाटमाथ्यावर सपाट, बिनदगडी जागा शोधताना जीव मेटाकुटीला येतो. झाडे मात्र हवी तेवढी. अडचण थंडीची आहे. हॅमॉकमध्ये माणूस वरून नाही, खालून गारठतो. त्यासाठी डाऊनचा अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली टांगायची रजई, आणला आहे. दुसऱ्याच्या अंगाखाली देण्याआधी मी त्यात रात्र काढणार.

पाषाणच का? पुण्याचे तापमान म्हणून पेपरात येते ते बहुधा शिवाजीनगरचे. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून तिथे आले. जुने पुणेकर त्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. शहराचा नीचांक 17 जानेवारी 1935 चा : 1.7 अंश. पण थंडीच्या दिवसांत पाषाणचा पारा अनेकदा शिवाजीनगरच्याही खाली जातो. रात्री टेकड्यांवरची जड, गार हवा उतरून सखल भागात साचते. शिवाय काकूंचे दार दहा पावलांवर. नवे सामान पहिल्यांदा अशाच जागी वापरावे, जिथून उठून घरात जाता येते.

दुपारी 1. बोहरी आळीत फेरी. झाडाला बांधायच्या पट्ट्या आणि थोडी इलॅस्टिक दोरी घेतली. पट्टी किमान दोन इंच रुंद हवी. बारीक दोर सालीत रुततो, आणि झाडाचे अन्न सालीच्या आतल्या थरातूनच खाली जाते. नायलॉन ताणाखाली लांबते आणि पहाटेपर्यंत माणूस जमिनीला टेकतो, म्हणून पॉलिएस्टरची पट्टी घेतली.

दुपारी 4. अंगणात शेवगा, आंबा आणि फणस. शेवग्याकडे पाहायचेही नाही. त्याचे लाकूड काटकीसारखे मोडते. आंबा आणि फणस यांच्यात जेमतेम पंधरा फूट अंतर, हवे तेवढेच. पट्टीचा जमिनीशी कोन साधारण 30 अंश ठेवला. हॅमॉक 11 फुटी, त्याच्या दोन टोकांमधली वरची दोरी सुमारे 9 फुटांची. त्यामुळे झोळ कायम सारखाच पडतो. त्यात सरळ झोपले तर पाठीची कमान होते, तिरके झोपले तर अंग जवळजवळ सपाट राहते. नव्या माणसाला ही एक गोष्ट सांगितली, तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

संध्याकाळी 6. अंडरक्विल्ट पिशवीतून काढला आणि तसाच खाटेवर फुगायला ठेवला. हंस-बदकांच्या छातीवरच्या पिसांखाली जी लव असते, ती म्हणजे डाऊन. हा 800 फिल पॉवरचा आहे : 28 ग्रॅम लव मोकळी सोडली तर सुमारे 13 लिटर जागा व्यापते. ऊब त्या लवेत नसते, तिने अडवून धरलेल्या हवेत असते. म्हणूनच स्लीपिंग बॅग हॅमॉकमध्ये निम्मी निकामी होते. पाठीखालची लव अंगाच्या वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा लागत राहतो. अंडरक्विल्ट हॅमॉकच्या बाहेरून, खालून टांगतात. त्यावर वजन पडतच नाही, म्हणून तो फुगलेला राहतो.

शिबिरात कोणी ना कोणी विचारतेच, की ही लव कुठून येते. प्रश्न रास्त आहे. जिवंत पक्ष्यांची पिसे उपटण्याची क्रूर पद्धत काही ठिकाणी होती, म्हणून 2014 मध्ये रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड नावाचे प्रमाणन सुरू झाले. ज्याच्यावर तो शिक्का नाही, तो माल आम्ही घेत नाही. ज्यांना पक्ष्यांचे काहीच अंगाला नको, त्यांना कृत्रिम तंतूंचा क्विल्ट द्यायचा, आग्रह करायचा नाही.

रात्री 9. तापमान 16. थर्मामीटर भिंतीपासून दूर, हॅमॉकच्या उंचीवर टांगला; भिंत दिवसाची ऊब सोडत राहते आणि आकडा फसवा येतो. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अरे, आत झोप की! गाद्या काय कमी आहेत?" नाही म्हटल्यावर त्यांनी जुनी गोधडी आणून दिली. लुगड्याच्या झोळीत बाळाखाली घडी करून घालतात, तशी ती माझ्या पाठीखाली घालावी, हा त्यांचा सल्ला. चांगला सल्ला आहे. ऊसतोडीच्या फडावरच्या आयांनाही तो ठाऊक असतो. पण मोठ्या माणसाला पुरेल एवढी गोधडी पाठीवरून न्यायला जड, आणि दवाने ओली झाली की लवकर सुकत नाही.

सुरुवातीला फक्त स्लीपिंग बॅग. डोक्यावर ताडपत्री आडवी बांधली आहे; स्वच्छ आकाशाखाली उघड्यावर अंगाची उष्णता वर निघून जाते, शिवाय दवही पडते.

रात्री 11. तापमान 13. पोट गरम, गुडघे गरम, कंबर आणि खांदे मात्र थंड पाण्यावर टेकल्यासारखे. 13 अंशांत एरवी साधा स्वेटर पुरतो. आता कॅरीमॅट आत सरकवली.

रात्री 1. तापमान 11. कॅरीमॅटचे काम वाईट नाही, कंबर बरीच निवली होती ती सावरली. पण ती सपाट, हॅमॉक गोल. खांदे तिच्या बाहेर पडतात, कूस बदलली की ती सरकते, आणि तिच्यावर घामाचा ओलावा साचतो. कमी खर्चात भागवायचे असेल त्याने तीच न्यावी, फक्त खांद्यांजवळ दोन आडवे तुकडे जोडून.

आता अंडरक्विल्ट. दोन्ही टोकांच्या इलॅस्टिक दोऱ्या हॅमॉकच्या टोकांना अडकवल्या आणि तोंडाशी नाड्या आवळल्या. सगळे कसब इथेच आहे. सैल राहिला तर पाठीखाली पोकळी होते आणि तिच्यातून गार वारा वाहतो; फार ताणला तर लव दबते, मग पैसे पाण्यात. आत झोपूनच, हात खाली घालून चाचपायचे : कापड पाठीला हलकेच लागले पाहिजे, दाबले जाऊ नये. डोक्याकडची नाडी थोडी सोडली, पायांकडची आवळली, आणि पाचेक मिनिटांत कंबरेत ऊब भरून आली.

पहाटे 4. तापमान 9. गाढ झोपेतून गजराने उठलो. नोंद केली, पुन्हा झोपलो.

सकाळी 6:45. तापमान 8. दिवसाची सर्वांत थंड वेळ मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या सुमारास असते, आणि जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणून पाचला उठून "जमले" म्हणण्यात अर्थ नाही. पाठ अजून गरम. नाक गार, त्याला कानटोपी खाली ओढणे हाच इलाज.

सकाळी 8. काकूंचा चहा. अंडरक्विल्टचे बाहेरचे कापड दमट लागत होते, ताडपत्री असूनही. डाऊनचा खरा शत्रू हाच. ओली लव गोळा होते, हवा धरत नाही. दोरीवर उन्हात टाकला, दीड तासात कोरडा झाला. आता तो पिशवीत कोंबून ठेवायचा नाही. सैल कापडी खोळीत, कपाटात मोकळा.

पुण्याच्या गिर्यारोहकांना डाऊन नवे नाही. गिरिप्रेमी संस्थेचे लोक 2012 मध्ये एव्हरेस्टवर आणि 2019 मध्ये कांचनजंगावर गेले, ते डाऊनच्याच कपड्यांत. पण तिथल्या थंडीसाठीच्या सामानाचे दुकानातले आकडे पाहून आपण भुलू नये. उणे सात अंशांचा अंडरक्विल्ट मुळशीत नेला तर मध्यरात्री घामाने जाग येईल. आपल्या डिसेंबर-जानेवारीला चार-पाच अंशांचा, अर्ध्या किलोच्या आसपासचा पुरतो. जून ते ऑक्टोबर डाऊन घरीच ठेवावा. यंदाच्या शिबिरात हॅमॉक मागणाऱ्या प्रत्येकाला अंडरक्विल्ट दिला जाईल, आणि तो बांधायला शिकल्याशिवाय कोणालाही झाडाखाली झोपू दिले जाणार नाही.