दौलताबादची काळी शेळी आणि परदेशचा बोकड

दौलताबादचा किल्ला पाहावयास जाणारे आमचे वाचक चांदमिनार पाहतात, अंधारींतून चांचपडत वर जातात, आणि परततांना सीताफळांची टोपली घेऊन येतात. डोंगराच्या उतारावर काळ्या शेळ्या चरत असतात, तिकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्या घरांत मांसाहार वर्ज्य, तेथें बोकडाची चर्चा कशास, असेंहि कोणी विचारील. परंतु आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या मुलाची फी किंवा नवऱ्याचें औषधपाणी पुष्कळदां गांवाकडील एका करडाच्या विक्रीवर भागलेलें असतें. तेव्हां हा विषय आपल्या उंबरठ्यापासून वाटतो तितका दूर नाहीं.

अलीकडे शेळीपालनाची गोष्ट निघाली कीं ‘बोअर’ हें नांव ऐकूं येतें. ही दक्षिण आफ्रिकेंतील मांसाची जात. अंग पांढरें, डोकें तांबूस, कान लोंबते, आणि पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्याहि वर जाणारा. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी तीस-पस्तीस किलोंची. (जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें, शेळीचें मात्र जुनेंच राहिलें!)

हा परदेशचा पाहुणा महाराष्ट्रांत आला तो फलटणास. तेथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं शेतकी संशोधनाची संस्था काढिली होती. १९९३ च्या सुमारास या संस्थेनें परदेशांतून बोअरचे गोठविलेले गर्भ आणून ते देशी शेळ्यांच्या उदरीं वाढविले. पुढें हें काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनीं चालविलें. महर्षि कर्वे यांची पणती आणि इरावतीबाईंची नात शेळ्यामेंढ्यांच्या वंशशास्त्रांत आयुष्य वेंचते, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

आतां प्रश्न असा कीं, मोठा बोकड आणिला म्हणजे काम झालें काय? १३२७ सालीं महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी याच दौलताबादेस आणिली आणि थोड्याच वर्षांत परत नेली. बाहेरचें येथें रुजवावयाचें, तर त्यास पोसणार कोण हें आधीं पाहिलें पाहिजे. बोअर काटक खरा, पण त्याचें मोठें अंग भरून येण्यास चाराहि तसाच लागतो. उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगा व बांधावरचा पाला यांवर निभावते, पुष्कळदां जुळीं देते, आणि २०१५-१६ सारख्या अवर्षणांतहि मालकिणीस तिचाच आधार होतो. हे गुण संकरांत विरून गेले, तर ते पुन्हां कोठून आणावयाचे?

आमच्या मतें खरें दुखणें निराळेंच आहे. बकरी ईद जवळ आली कीं व्यापारी दारांत उभा राहतो आणि कळपांतील सर्वांत जोमदार बोकड चांगल्या किंमतीस घेऊन जातो. गरजू बाईनें तो विकूं नये असें कोणत्या तोंडानें म्हणावें? मागें उरतो तो खुरटा. तोच कळपाचा बाप होतो. वर्षानुवर्षें हें चाललें म्हणजे जात आपोआप खालावते. एक शेळी वर्षांत एकदोन करडें देते, परंतु एका बोकडाचें रक्त तीस शेळ्यांच्या सगळ्या करडांत उतरतें. म्हणून सुधारणेची किल्ली पैदाशीच्या बोकडापाशीं आहे, मग तो बोअर असो वा निवडक उस्मानाबादी.

बोअरचें रक्त खाटकाकडे जावयाच्या करडांत जरूर यावें. तीं लवकर वजन धरतात. मात्र पैदाशीच्या माद्या शुद्ध उस्मानाबादीच राखाव्या. पहिल्याच वेताच्या लहानखुऱ्या शेळीस इतका मोठा नर दाखवूं नये. करडूं मोठें असल्यास विणतांना अडते. आणि लाखाची भाषा बोलून बोकड विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहावें. इमू पक्ष्याचें खूळ २०१२ च्या सुमारास ओसरलें, तेव्हां किती घरें बुडालीं हें लोक विसरले दिसतात.

ज्यांच्या मळ्यांत चारापाणी आहे अशा आमच्या वाचकांस येथें एक गोष्ट सहज करतां येईल. जोमदार वाणाचें, जुळ्यांतलें, चांगल्या दुधाच्या शेळीचें एक उस्मानाबादी करडूं व्यापाऱ्याच्या भावानें विकत घेऊन पैदाशीकरितां पोसावें, आणि गांवच्या बायांच्या शेळ्या त्यास दाखवूं द्याव्या. दोन वर्षांनीं तो पलीकडच्या गांवच्या बोकडाशीं बदलावा, म्हणजे स्वतःच्याच लेकींशीं त्याची गांठ पडत नाहीं.