संजाणा : गाव सुटलेल्यांचे आडनाव

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तलासरी मागे टाकून अच्छाडला येतो, तेथे महाराष्ट्राची हद्द संपते. सीमा तपासणी नाक्यापाशी मालमोटारींची रांग लागलेली असते, आणि ती ओलांडून भिलाडच्या दिशेने थोडे पुढे गेले, की दुकानांच्या पाट्यांवरली शिरोरेघ नाहीशी होऊन गुजराती अक्षरे सुरू होतात. ह्याच नाक्यापाशी उभे राहून पश्चिमेकडे तोंड केले, म्हणजे अवघ्या काही मैलांवर, वारोली नदीच्या काठी, संजाण आहे. इराणातून समुद्रमार्गाने आलेले जरथुश्त्री लोक ज्या ठिकाणी प्रथम स्थिर वस्ती करून राहिले असे पारशी परंपरा मानते ते हे गाव. आणि ज्या एका विरळ आडनावाचा मागोवा घेत मी ह्या मुलखात पुनःपुन्हा आलो, त्या 'संजाणा' ह्या आडनावाचे मूळही हेच.

मराठी वाचकाच्या कानी हे आडनाव क्वचितच पडले असेल, आणि पडले तरी ते आडनाव आहे अशी त्याची खात्री पटणे कठीण, कारण रोमन लिपीत ते आणि 'संजना' हे मुलींचे लाडके नाव हुबेहूब सारखेच लिहिले जाते. देवनागरीत तो 'ण' आणि त्याआधीचा काना जपला तरच भेद टिकतो. एखाद्या कारकुनाने घाईत काना गाळला, की शतकांचा इतिहास असलेले आडनाव मुलीचे नाव होऊन बसते.

घडणीच्या दृष्टीने पाहिले तर शब्द सरळ आहे. मराठीत गावाच्या नावाला 'कर' जोडला की आडनाव सिद्ध होते. कुलाब्याच्या बेने इस्रायलांनीसुद्धा हीच रीत पत्करली आणि ते पेणकर, नवगावकर झाले. गुजरातीने हेच काम निरनिराळ्या प्रत्ययांकडून करून घेतले: बिलिमोऱ्याचा तो बिलिमोरिया, सुरतेचा तो सुरती, भरूचचा तो भरूचा, खंभातचा तो खंबाता, आणि संजाणचा तो संजाणा. म्हणजे मराठी वळणाने सांगायचे तर 'संजाणकर'. (जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. अच्छाड-तलासरीच्या पाड्यांवर वारली बांधवांची जी आडनावे ऐकू येतात, धांगडा, शिंगडा, वनगा, सवरा, त्यांच्याही अंती असाच 'आ' असतो. घाटावरच्या मराठीने आपली आडनावे आदरार्थी अनेकवचनात नेऊन शिंदे, मोरे, काळे अशी एकारान्त केली. येथे मात्र एकवचनातला तो जुना आकार तसाच राहिला. संजाणाशी ह्या नावांचा कुळसंबंध जोडण्याचा माझा हेतू मुळीच नाही, परंतु ह्या सीमाप्रदेशाच्या कानाला आकारान्त आडनाव परके वाटत नाही, एवढे खरे.)

अर्थ इतका उघड असताना संशोधनाला जागा कोठे उरली, असे कोणी म्हणेल. ती दोन ठिकाणी उरली: संजाण हे नाव मुळात कोणाचे, आणि त्या गावावरून आडनाव पडले ते केव्हा व कोणाचे.

पहिल्या प्रश्नाला डहाणू तालुक्याच्या मातीनेच उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. १९५५ साली चिंचणी येथे जे ताम्रपट हाती आले, त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट नृपती तिसरा इंद्र ह्याच्या कारकिर्दीतला आहे. त्या वेळी ह्या मंडलाचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. त्याचे नाव संस्कृत लेखकाने 'मधुमती' असे कोरले, आणि ते मुहम्मद ह्या नावाचे संस्कृत रूप होय असे विद्वानांनी ठरविले आहे. ह्या मुसलमान अधिकाऱ्याने नद्यांवर फुकट तरींची सोय केली, संयान, म्हणजे संजाण, नगरात एक अन्नसत्र घातले, तेथे येणाऱ्याला शाळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे, आणि एका ब्राह्मणाने स्थापिलेल्या मठिकेला त्याच्याच अनुमतीने जमीन मिळाली. एका तांब्याच्या पत्र्यावर कन्नड मुलखातला सम्राट, अरब सुभेदार, ब्राह्मणाचा मठ आणि वाटसरूच्या पानातले तूप एकत्र यावे, हे वाचताना माझे मन भरून आले. दहाव्या शतकातला हा किनारा किती मोकळ्या मनाचा होता, ह्याची साक्ष ह्याहून निराळी कोणती हवी? चिंचणीच्याच शके ९५६ च्या, म्हणजे १०३४ च्या ताम्रपटात चामुंडराजाने ज्यांना उद्देशून आज्ञा केली, त्यांत 'हंजमान' हा समुदाय येतो. हा 'हंजमान' म्हणजे अंजुमन, पारशांची पंचायत, असे मानले जाते.

आता ह्या 'संयान' शब्दाकडे पाहू. पारशी परंपरा सांगते की, आलेल्या लोकांनीच वस्तीला हे नाव दिले. कित्येक पंडितांनी त्याचा संबंध खुरासानातील संजान नावाच्या गावाशी जोडला आहे. उलटपक्षी, महाभारताच्या सभापर्वातील सहदेवाच्या दिग्विजयात येणारी संजयन्ती नगरी ती हीच, असेही काहींचे मत आहे. ह्या वादात आगमनाच्या कालाचा प्रश्न गुंतलेला आहे, कारण परंपरेने त्यासाठी इसवी सन ७१६ हे वर्ष धरले, तर शहापूरशहा होरमसजी होडीवाला ह्या इतिहासपंडितांनी १९२० साली ९३६ हे वर्ष सिद्ध करू पाहिले. (होड्यांतून आलेल्या लोकांचा काल ठरविणाऱ्या पंडिताचे आडनाव होडीवाला असावे, हा योगायोग मला नेहमीच हृद्य वाटत आला आहे.) ९३६ हे वर्ष ग्राह्य मानले, तर ९२६ च्या ताम्रपटात नाव आधीच नांदत असल्यामुळे ते पारशांनी दिलेले असू शकत नाही, आणि नाव त्यांनीच दिले असे म्हणावयाचे असेल, तर आगमन आठव्या शतकाकडे मागे न्यावे लागते. दोन्ही दावे एकाच वेळी टिकत नाहीत. माझा कल असा की नाव स्थानिक असावे, आणि खुरासानातल्या गावाशी त्याचा ध्वनी जुळला म्हणून आलेल्यांना ते आपलेसे वाटले असावे. परदेशी उतरलेल्या माणसाला ओळखीचा एक शब्द कानी पडणे हे केवढे आश्वासन असते, हे देशांतर केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

२००२ ते २००४ ह्या काळात संजाणला जे उत्खनन झाले, त्यात पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची खापरे, चिनी मातीची भांडी, काचेचे मणी आणि एक दखमाही (पारशांची मृतदेह ठेवण्याची वास्तू) सापडला. गाव मोठे बंदर होते. आज तेथे रेल्वेचे एक स्थानक आहे आणि १९२० साली उभारलेला संजाण स्तंभ आहे.

दुसरा प्रश्न आडनावाचा, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाची गरज नसते. पुण्यात राहणाऱ्यास कोणी पुणेकर आडनावाने हाक मारीत नाही; तो नगरास किंवा नागपुरास गेला, म्हणजे तेथले लोक त्याला त्या नावाने ओळखू लागतात. संजाणा हे नाव रूढ झाले तेही संजाण उद्ध्वस्त झाल्यावर, आणि ते गावच्या सरसकट पारशांचे झाले नाही, तर त्यांच्या अग्नीची सेवा करणाऱ्या आथ्रवनांचे, म्हणजे धर्मगुरूंच्या घराण्यांचे झाले. गुजरातेतील पारशी धर्मगुरूंनी आपसांत मुलूख वाटून घेऊन पाच पंथक ठरविले होते: संजाणा, भगरिया, गोदावरा, भरूचा आणि खंबाता. वतनदारीच्या पद्धतीशी परिचित असलेल्या मराठी वाचकास हे समजण्यास कठीण नाही. देशमुख-देशपांड्यांच्या हक्कांप्रमाणेच पंथकाला चतुःसीमा होती, हक्क आणि मानपान होते, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत विधी चालविणे हा आगळीक करण्याचाच प्रकार होता. संजाणांच्या वाट्याला पार नदीच्या दक्षिणेचा मुलूख आला.

ह्या घराण्यांची कथा त्यांच्यापैकीच एकाने लिहून ठेवली. बहमन कैकोबाद संजाणा ह्याने १५९९ साली, नवसारीस राहून, फारसी पद्यात 'किस्सा-इ-संजाण' रचला. त्यात जादी राणा ह्या स्थानिक राजाने आश्रय दिल्याचे, आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च प्रतीचा पवित्र अग्नी, प्रज्वलित केल्याचे, आणि शतकांनंतर सुलतान महमूदाच्या अलफखान नामक सरदाराने संजाणवर चाल केली तेव्हा आपल्या आश्रयदात्या राजासाठी अर्देशीर हा पारशी वीर चौदाशे लोकांनिशी कसा लढला, ह्याचे वर्णन आहे. ही लढाई पंधराव्या शतकातली असे सामान्यतः समजले जाते. संजाण पडले, परंतु अग्नी विझला नाही. धर्मगुरूंनी तो उचलून दक्षिणेकडे नेला आणि बाहरोटच्या डोंगरावर बारा वर्षे जपला.

हा बाहरोट आजच्या डहाणू तालुक्यात आहे, बोर्डीपासून फार दूर नाही. डोंगरमाथ्याजवळ कातळात खोदलेल्या गुहा आहेत. तेथे चढून जाताना मला सारखा एकच विचार येत होता: अग्नी ही काही गाठोड्यात बांधून नेण्याची वस्तू नव्हे. त्याला दिवसाच्या पाचही प्रहरी लाकूड द्यावे लागते. पावसाळ्यात, जेव्हा ह्या डोंगरावर चार महिने धुके आणि झड ह्यांवाचून काही नसते, तेव्हा कोरडे लाकूड मिळविणे, ते गुहेत रचून ठेवणे आणि रात्रीच्या रात्री जागून निखारा राखणे, असे बारा पावसाळे काढावे लागले. किस्स्याच्या कर्त्याने ह्या बारा वर्षांना मोजकेच बैत दिले. मला मात्र संजाणा हे नाव अंगी मुरले ते ह्या गुहांमध्येच, असे वाटते.

तेथून अग्नी वांसद्यास गेला, चौदा वर्षे राहिला, आणि मग चांगा आसा ह्या धनिक व धर्मशील पुढाऱ्याच्या आमंत्रणावरून नवसारीस आला. नवसारी भगरियांचे पंथक. पाहुण्या धर्मगुरूंनी केवळ आपल्या अग्नीची सेवा करावी, इतर विधी भगरियांनी चालवावे, असा करार झाला. आणि ह्याच ठिकाणी 'संजाणा' ही ओळख नित्याची झाली असली पाहिजे, कारण एकाच गावात दोन पक्ष, दोन हक्क आणि दोन उत्पन्ने असली, की कोण कोणाचा हे प्रत्येक कागदावर लिहावे लागते. पुढे पिढ्या लोटल्या, संजाणांची कुटुंबे वाढली, अग्नीच्या उत्पन्नात भागेनासे झाले आणि तंटा उभा राहिला. मध्यंतरी लुटारूंच्या भयाने १७३३ ते १७३६ पर्यंत अग्नी सुरतेस होता. अखेर गायकवाडांच्या अमदानीत फिर्यादी झाल्या, संजाणा आपला अग्नी घेऊन वलसाडास गेले, आणि १७४२ साली उदवाड्यास स्थिरावले. इराणशाह ह्या नावाने ओळखला जाणारा हाच आतश बेहराम तेथे आजतागायत तेवत आहे, आणि त्याच्या सेवेचा हक्क नऊ संजाणा घराण्यांकडे आहे.

येथे आडनावाच्या अभ्यासकाला एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. जे कुळाने संजाणा आहेत, ते सर्व संजाणा लिहीत नाहीत. उदवाड्यास, जेथे सगळेच धर्मगुरू संजाणा, तेथे त्या नावाने कोणाला वेगळे काढावे? म्हणून तेथे दस्तूर, मिर्झा अशी पदवीवाचक नावे पुढे आली. उलट मुंबईस, जेथे नाना पंथकांचे लोक एकत्र आले, तेथे संजाणा हे नाव विशेषत्वाने लिहिले जाऊ लागले. १८३० साली स्थापन झालेल्या वाडिया आतश बेहरामचे दस्तूरपद, म्हणजे मुख्य धर्मगुरूचे पद, संजाणांकडे होते. दस्तूर पेशोतन बेहरामजी संजाणा (१८२९-१८९८) ह्यांनी 'दीनकर्द' ह्या प्रचंड पहलवी ग्रंथाचे संपादन हाती घेतले. पहिला खंड १८७४ साली निघाला, नऊ खंडांनंतर पेशोतनजी निवर्तले, ते काम त्यांचे पुत्र दस्तूर दाराब ह्यांनी उचलले आणि एकोणिसावा, अखेरचा खंड १९२८ साली बाहेर पडला. मूळ पहलवी, अवेस्ता लिपीतले लिप्यंतर, गुजराती भाषांतर आणि इंग्रजी भाषांतर, असा चौपदरी तो ग्रंथ. चोपन्न वर्षे, दोन पिढ्या, एक ग्रंथ. बारा पावसाळे निखारा राखणाऱ्यांच्याच घराण्यातली ही चिकाटी.

आजची व्याप्ती सांगायची तर ती विस्तारापेक्षा आकुंचनाची कथा आहे. १९४१ च्या शिरगणतीत अखंड हिंदुस्थानात एक लाख चौदा हजारांवर असलेले पारशी २०११ साली भारतात ५७,२६४ उरले, आणि त्या लहानशा समाजातही धर्मगुरूंच्या एका शाखेचे हे नाव, म्हणजे ते किती विरळ असेल हे सांगावयास नकोच. मुंबईच्या बागा आणि वसाहती, पुणे, सुरत, नवसारी, तसेच कराची, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, असा त्याचा पसारा आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी, उंबरगाव ह्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या करणारे जरथुश्त्री पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे आडनाव बहुधा 'इराणी' असते, कारण ते यझद-किरमानकडून एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर आलेल्यांचे वंशज होत. संजाणच्या आसपास आज भेटणारा जरथुश्त्री बहुधा इराणी असतो, आणि संजाणा भेटतो तो दूर शहरात.

अच्छाडच्या नाक्याकडे पुन्हा वळतो. १८८२ च्या गॅझेटियरात संजाण ठाणे जिल्ह्यात आहे, आणि बाहरोटही त्याच जिल्ह्यातला. १९६० च्या मे महिन्यात द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा उंबरगाव तालुक्यातली संजाणसह किनाऱ्याकडची गावे गुजरातेत गेली, आणि मराठी बाजूला उरलेल्या गावांची तलासरीच्या कारभारात गणना झाली. ज्या गावावरून नाव पडले ते एका राज्यात, आणि ज्या गुहांत ते नाव धारण करणाऱ्यांनी आसरा घेतला त्या दुसऱ्या राज्यात, अशी ही विभागणी आहे. वारोली मात्र तलासरीच्या बाजूने वाहत येते, कुर्झ्याच्या धरणात काही काळ थांबते, आणि हद्द ओलांडून संजाणजवळून समुद्राकडे जाते.