जुन्या संगणकाची विल्हेवाट

व्यापाऱ्याची खतावणी जुनी झाली, म्हणून ती कोणी वाण्यास पुड्या बांधण्याकरितां देत नाहीं. कारण तींत ऋणकोंचीं नांवें व देण्याघेण्याच्या रकमा असतात. हीच सावधगिरी संगणकाच्या बाबतींत मात्र क्वचितच दिसते. दुकानांतील, दवाखान्यांतील अथवा कचेरींतील संगणक जुना झाला म्हणजे तो भंगारवाल्यास देऊन टाकतात, आणि त्याच्या पोटांतील शेंकडों माणसांची माहिती परक्याच्या हातीं जाते. हा विषय विद्यार्थ्यांस बोधप्रद व पालकांस उपयोगी वाटेल, अशा समजुतीनें आम्ही त्याचें थोडक्यांत विवेचन करीत आहों.

फाईल पुसली म्हणजे ती नाहींशी झाली, ही समजूत बरोबर नाहीं. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेंतून एका प्रकरणाचें नांव खोडलें, तरी त्या प्रकरणाचीं पानें ग्रंथांत राहतातच. हार्ड डिस्कवरही असाच प्रकार घडतो. फाईलची नोंद सूचींतून निघते व ती जागा मोकळी समजली जाते. परंतु तेथें दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत पहिला मजकूर बहुधा तसाच असतो, आणि जाणत्या माणसास तो परत वाचतां येतो.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील सिम्सन गारफिंकल व अभि शेलत या दोघां अभ्यासकांनीं बाजारांतून १५८ जुन्या डिस्का विकत घेऊन तपासल्या व २००३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकीं १२९ चालू होत्या. पण नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. उरलेल्यांत पत्रें, वैद्यकीय मजकूर व क्रेडिट कार्डांचे हजारों क्रमांक सांपडले.

मोठ्या पेढ्याही या बाबतींत गाफील राहतात. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन पेढीनें २०१६ सालीं आपलीं दोन माहितीकेंद्रें बंद केलीं, आणि तेथील यंत्रें काढून नेण्याचें काम सामान हलविणाऱ्या एका कंपनीकडे सोंपविलें. त्या कंपनीस माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. यंत्रें हातोहात विकलीं गेलीं, व कांहीं तर ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरील लिलावांत आलीं. त्यांतील बहुतेक परत मिळालीं नाहींत. सुमारें दीड कोटि ग्राहकांच्या माहितीचें रक्षण न केल्याबद्दल पेढीस २०२० सालीं सहा कोटि व २०२२ सालीं साडेतीन कोटि डॉलर दंड भरावा लागला.

मग योग्य रीत कोणती? साध्या हार्ड डिस्कवर आरंभापासून शेवटापर्यंत निरर्थक अंक लिहिले, म्हणजे जुना मजकूर झांकला जातो. प्रबळ चुंबकानेंही तो नष्ट करितां येतो. मात्र एसएसडी नांवाच्या नव्या साठ्यावर चुंबकाचा परिणाम होत नाहीं. त्यास निर्मात्यानें दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी, अथवा त्याचा चुरा करावा. माहिती मुळापासूनच कूटलिपींत ठेविली असेल, तर तिची किल्ली नष्ट केल्यानें ती निरुपयोगी होते. फोटोकॉपीच्या कित्येक यंत्रांतही डिस्क असते, हें विसरूं नये. यंत्र देतांना त्याचा क्रमांक टिपून, माहिती नष्ट केल्याचा दाखला घ्यावा. तसेंच तें नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावें. आपल्या देशांत त्यासंबंधीं २०२२ सालचे ई-कचरा नियम आहेत.

कायद्यानेंही या विषयाची दखल घेतली आहे. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाप्रमाणें, ज्या कामासाठीं माहिती घेतली तें काम संपल्यावर, दुसऱ्या कायद्यानें ती ठेवणें आवश्यक नसेल तर, ती पुसून टाकावयाची आहे. रक्षणांत कसूर झाल्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे.

तथापि दंडाचें भय हें खरें कारण नव्हे. रोगी आपलें दुखणें वैद्यास सांगतो, ग्राहक आपला पत्ता दुकानदारास देतो, तो विश्वासानें. यंत्र विकलें तरी तो विश्वास आपल्याकडेच राहिलेला असतो. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस आमची विनंति आहे, कीं घरांतील अथवा वडिलांच्या दुकानांतील संगणक मोडींत निघेल, तेव्हां 'यांतील माहितीचें काय केलें?' हा प्रश्न त्यांनीं नम्रपणें अवश्य विचारावा.