'एल्करलीक': डच नाटक, चित्रपट आणि तिसरा मित्र
नेदरलँड्सचे दिग्दर्शक योस स्टेलिंग यांनी मध्ययुगीन डच रंगभूमीवरील दोन बोधपर नाटकांवर चित्रपट निर्माण केले: 'मारिकेन' (१९७४) आणि 'एल्करलीक' (१९७५). पहिला १९७५ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो प्रामुख्याने दुसऱ्याच्या मूळ नाटकाचा.

'एल्करलीक' म्हणजे 'प्रत्येकजण'. पंधराव्या शतकातील या नाटकात मृत्यू नायकास आयुष्याचा हिशेब देण्यास बोलावतो. स्नेही, आप्त, संपत्ती, सारे पाठ फिरवतात. सद्गुण तेवढी सोबतीस तयार असते. परंतु आजवरच्या उपेक्षेने ती इतकी क्षीण झालेली असते की तिला उभेही राहवत नाही. रंगमंचावर 'संपत्ती' बोलू लागली तर प्रेक्षक तो संकेत मान्य करतात. कॅमेरा मात्र एक विशिष्ट मनुष्य दाखवतो, आणि 'प्रत्येकजण' हा कोणीतरी एकजण होऊन बसतो. अशा रूपांतराची खरी अडचण हीच.

या कथेचे जुने रूप 'बार्लाम आणि जोसाफत' या ख्रिस्ती ग्रंथातील तीन मित्रांच्या दृष्टान्तात आढळते. तेथेही धन आणि आप्त दूर होतात, आणि उपेक्षित तिसरा मित्र, म्हणजे सत्कर्म, राजापुढे उभा राहतो. हा जोसाफत म्हणजे 'बोधिसत्त्व' शब्दाचाच अपभ्रंश. बुद्धचरित्र अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत लॅटिनमध्ये पोहोचले आणि रोमन चर्चने त्यास २७ नोव्हेंबर हा स्मृतिदिनही दिला! संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात भगवंत पसेनदी राजास हेच सांगतात: धनधान्य मागे राहते, पुण्य-पाप तेवढे छायेप्रमाणे मागोमाग येते.

तथापि भेद मोठा आहे. डच नाटकात सद्गुणास बळ येते ते चर्चमधील पापनिवेदन आणि प्रायश्चित्त यांनंतर. कोसलसंयुत्तात मध्यस्थ नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित ग्रंथात याही पुढे जाऊन पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला आणि कम्म हा या जगातील नैतिक व्यवस्थेचा पाया मानला. म्हणून 'मागोमाग येते' हे वचन परलोकाच्या शिदोरीपुरते घेणे आम्हांस मान्य नाही.

'मारिकेन'च्या मूळ नाटकात सैतानासोबत सात वर्षे राहिलेली नायिका गावी परतते आणि गाड्यावर चाललेले एक नाटक पाहून पालटते. तिचा धर्मगुरू काका त्या नाटकास कैक प्रवचनांहून सरस म्हणत असे. कापडे-पोलादपूरकडील ज्या वाचकांनी आंबेडकरी जलसा पाहिला असेल, त्यांस या काकाचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.