वैमानिक निवड चाचणी : उपकरणांवरून विमानाची स्थिती कशी ओळखावी?

भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला निवड मंडळाच्या मुलाखतीशिवाय आणखी एक चाचणी द्यावी लागते. तिचे नाव संगणकीकृत वैमानिक निवड प्रणाली; विद्यार्थी तिला ‘सीपीएसएस’ म्हणतात. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने विकसित केलेल्या या प्रणालीने जुन्या ‘पीएबीटी’ची जागा घेतली. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आले तर जमिनीवरील शाखांसाठी पुन्हा प्रयत्न करता येतो, पण वैमानिक होण्याची वाट तिथेच संपते. ‘या वेळी बघून येऊ, पुढच्या वेळी तयारीने जाऊ’ हा विचार इथे चालत नाही.

‘या चाचणीची तयारी होतच नाही, हा गुण जन्मजात असतो’ असे पुष्कळदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. हात, पाय आणि डोळे यांचा मेळ पाहणाऱ्या भागांत जॉयस्टिक व पायाखालचे पेडल वापरून पडद्यावरचा ठिपका सांभाळावा लागतो. ती यंत्रे घरी मिळत नाहीत, म्हणून त्या भागांची तयारी मर्यादितच राहते. उपकरण-वाचनाचा भाग मात्र नियमांवर चालतो आणि नियम शिकता येतात. या पाठात आपण तोच भाग पाहू.

सुरुवात उंचीमापकापासून करू. त्याची तबकडी घड्याळासारखी दिसते, पण अंक ० ते ९ असतात. लांब काटा शेकडो फूट दाखवतो, आखूड काटा हजार. लांब काटा ९ वर आणि आखूड काटा ४ च्या अगदी जवळ असेल तर उंची किती? बरेच विद्यार्थी ४,९०० फूट म्हणतात. बरोबर उत्तर ३,९०० फूट. आखूड काट्याने ४ अजून ओलांडलेला नाही. पावणेचारला घड्याळाचा तास काटा चारजवळ असूनही आपण ‘पावणेपाच’ म्हणत नाही, तसेच हे आहे.

खरी अडचण कृत्रिम क्षितिजाची. या उपकरणात मधले छोटे विमान स्थिर असते आणि त्यामागची क्षितिजरेषा हलते. विमान उजवीकडे कलले की रेषेचे उजवे टोक वर जाते आणि डावे खाली. नवशिक्याला वाटते विमान डावीकडे कलले! कारण तो रेषेला विमान समजतो. खिडकीत उभे राहून मान उजव्या खांद्याकडे झुकवा आणि समोरच्या गच्चीची कड पाहा. ती डावीकडे झुकल्यासारखी वाटेल. उपकरण हेच दाखवते. गंमत म्हणजे सोव्हिएत बनावटीच्या अनेक विमानांत कल दाखवताना रेषेऐवजी छोटे विमानच हलत असे. म्हणजे दोन्ही पद्धती शक्य आहेत, आणि म्हणून चाचणीपूर्वी दिली जाणारी माहिती नीट ऐकणे आवश्यक आहे. नाकाची दिशा त्या मानाने सोपी : रेषा विमानाच्या खाली असेल तर नाक वर, रेषा वर असेल तर नाक खाली.

आता यात होकायंत्र मिळवा. प्रश्नात दोन उपकरणे देऊन त्यांच्याशी जुळणारे विमानाचे चित्र निवडायला सांगतात. आपण उत्तरेकडे तोंड करून पाहत आहोत असे धरा. विमान उत्तरेकडे जात असेल तर त्याची शेपटी आपल्याकडे असते आणि त्याची उजवी बाजू ती आपलीही उजवी. ते दक्षिणेकडे निघाले की आपल्यासमोर येते आणि डावे-उजवे उलटते : उजवीकडे कललेल्या विमानाचा खाली गेलेला पंख चित्रात आपल्या डाव्या हाताला दिसतो. आमच्या मते चुका सर्वांत जास्त इथेच होतात. चित्र बाहेरून पाहण्याऐवजी मनाने वैमानिकाच्या आसनावर बसावे आणि मग उजवा हात कुठे आहे ते पाहावे.

मनातल्या मनात आकृती फिरवायला वेळ लागतो. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला लागणारा वेळ सरळ प्रमाणात वाढतो. त्यामुळे सरावाची सुरुवात उत्तर दिशेच्या प्रश्नांनी करावी, मग पूर्व-पश्चिम, आणि शेवटी दक्षिण. महागड्या शिकवणीची गरज नाही. वहीच्या पानाचे विमान करा, त्याच्या उजव्या पंखावर शाईची खूण करा, आणि उत्तर आधी मनात ठरवून मगच ते हातात फिरवून तपासा. क्रम उलटा केला तर डोळ्यांना सवय लागते, मनाला नाही. घड्याळ लावून वेळ मोजणे चुका थांबल्यावर सुरू करावे, आधी नको.

सोडवून पाहा : होकायंत्रावर ९० अंश, क्षितिजरेषेचे डावे टोक वर, आणि रेषा छोट्या विमानाच्या खाली. विमान पूर्वेकडे निघाले आहे, म्हणून चित्रात नाक आपल्या उजवीकडे. डावे टोक वर, म्हणजे विमान डावीकडे कललेले. रेषा खाली, म्हणजे नाक वर. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा डावा पंख उत्तरेला, म्हणजे आपल्यापासून दूर असतो. तो खाली गेला आणि जवळचा उजवा पंख वर आला. तेव्हा योग्य चित्रात आपल्याला विमानाचे पोट दिसले पाहिजे, पाठ नव्हे.