दुसऱ्या खेपेचा पान्हा

व्यापारी बंधूंच्या वार्षिक स्मरणिकेत स्तन्यपानाचा विषय कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु ही स्मरणिका जशी पेढीवर वाचली जाते तशीच ती माजघरातही जाते. शिवाय घरातील सर्वांत लहान माणसाच्या प्रकृतीवर ज्याचा परिणाम व्हावयाचा, तो निर्णय बहुतेक वेळा एकट्या आईच्या हाती नसतो. सासूबाई, माहेरची माणसे, शेजारणी आणि रात्री-अपरात्री पावडरीच्या दुधाचा डबा आणावयास धावणारा बाळाचा पिता, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून हा विषय सर्वांनीच समजून घेणे इष्ट होय.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी पुष्कळ घरांत एक वाक्य हटकून कानी पडते : "हिला पहिल्या वेळीही दूध पुरले नव्हते, आता उगाच बाळाला उपाशी कशाला ठेवायचे?" बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. परंतु या एका वाक्याने आईचा धीर खचतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वरचे दूध सुरू होते, बाळ अंगावर कमी ओढू लागते आणि दूध खरोखरच आटते. मग "आम्ही म्हणत होतोच" असे म्हणावयास सारे मोकळे होतात. पहिल्या खेपेचा अनुभव हा दुसऱ्या खेपेचे भविष्य आहे, असे यात गृहीत धरलेले असते. ते गृहीत कितपत खरे आहे, हेच येथे पाहावयाचे आहे.

दूध येते कसे?

गर्भारपणातच स्तनांतील दुग्धपिंडांची वाढ होते. अखेरच्या महिन्यांत चीक तयार असतो. परंतु वारेतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल असेतोवर भरपूर दूध उतरत नाही. बाळंतपणात वार पडली की हा अंमल सरतो आणि प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या योगे दूध वाढू लागते. पहिलटकरणीस हे भरून येणे बहुधा तिसऱ्या अथवा चौथ्या दिवशी जाणवते. दुसऱ्या खेपेस ते सामान्यतः त्याहून लवकर घडते. दूध उतरण्यास बहात्तर तासांहून अधिक उशीर लागण्याचे प्रमाणही पहिलटकरणींतच जास्त आढळते. पहिल्या वेळी जे दोन-तीन दिवस घरच्यांस युगासारखे वाटले आणि ज्या दिवसांत डबा फोडला गेला, तेच दिवस दुसऱ्या वेळी पुष्कळदा आखूड असतात.

याचे कारण असे की, पहिले मूल अंगावरून सुटल्यानंतर दुग्धपिंड आकसतात खरे, परंतु शरीर आपला अनुभव पूर्णपणे विसरत नाही. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेने २०१५ साली उंदरांच्या माद्यांवरील संशोधन प्रसिद्ध केले. एकदा गर्भारपण होऊन गेलेल्या मादीच्या स्तनपेशींतील जनुकांवर काही रासायनिक खुणा राहून जातात आणि पुढील गर्भारपणात त्या पेशी संप्रेरकांस अधिक त्वरेने साद देतात, असे त्यात दिसून आले. उंदरावरून माणसाविषयी एकदम अनुमान काढणे बरोबर नव्हे. तथापि लेकुरवाळ्या स्त्रियांच्या अनुभवाशी हे जुळते आहे.

माणसांविषयीची एक पाहणी तर थेट याच प्रश्नाची आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी बावीस मातांचे पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही खेपांचे दूध मोजले व आपले निष्कर्ष २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पहिल्या आठवड्याअखेर दुसऱ्या खेपेचे दूध सरासरीने सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक भरले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या मातांस पहिल्या वेळी सर्वांत कमी दूध होते त्यांच्याच बाबतीत ही वाढ सर्वांत मोठी होती. बावीस ही संख्या लहान आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण "पहिल्या वेळी नव्हते म्हणून आताही नसणार" या समजुतीच्या नेमके उलट असे हे फळ आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर, ही बाकी जुन्या वहीतून नव्या वहीत ओढण्याचे कारण नाही.

हात सरावलेला असतो

शरीराइतकाच फरक आईच्या जाणतेपणात पडलेला असतो. पहिल्या वेळी बाळाला कसे धरावे हेच उमगत नाही. बाळ केवळ बोंडी तोंडात धरून ओढते, बोंड्यांस चिरा पडतात, आईच्या डोळ्यांतून पाणी येते आणि बाळाचे पोट मात्र भरत नाही. बाळाचे तोंड चांगले उघडून बोंडीभोवतालचा काळसर भागही त्याच्या मुखात गेला पाहिजे, त्याची हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे आणि डोके व अंग एका रेषेत राहिले पाहिजे, हे ज्ञान पहिलटकरणीस हळूहळू येते. दुसऱ्या खेपेस हात आपोआप तसे वळतात. बाळ रडले म्हणजे ते भुकेनेच रडते असे नाही, हेही तिला ठाऊक असते. संध्याकाळी बाळ घटकाघटकाला अंगावर येते ते दूध आटल्यामुळे नव्हे, तर मागणी वाढवून पुरवठा वाढविण्याची त्याची ती रीत आहे, हेही ती जाणते.

परंतु एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. आई अनुभवी असली तरी बाळ नवखेच असते. पहिले मूल जन्मताच ओढू लागले म्हणून दुसरे तसेच करील असा नियम नाही. दिवस पूर्ण भरण्यापूर्वी जन्मलेले, काविळीने सुस्तावलेले अथवा जिभेखालचा पडदा आखूड असलेले बाळ अनुभवी आईलाही जड जाते. बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले अथवा रक्तस्राव फार झाला तर दूध उतरण्यास उशीर लागू शकतो. ज्या मातेचे पहिल्या वेळी सर्व सुरळीत पार पडले तिला दुसऱ्या वेळी अडचण आली, तर तिला अधिकच अपराधी वाटते आणि "तुला काय सांगायचे, तुला सारे ठाऊकच आहे" असे म्हणून घरचेही तिला एकटी सोडतात. तसे होऊ देऊ नये.

दुसऱ्या खेपेच्या विशेष अडचणी

पहिली अडचण कळांची. बाळ अंगावर ओढू लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते. त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावतो. पहिलटकरणीचा गर्भाशय बहुधा एकसारखा आवळलेला राहतो. दुसऱ्या खेपेस तो थांबून थांबून आवळतो व सैलावतो, म्हणून पाजताना ओटीपोटात कळा अधिक येतात. पहिल्या वेळी असे झाले नव्हते म्हणून कित्येक स्त्रिया घाबरतात. वास्तविक या कळा गर्भाशय पूर्वस्थितीवर येत असल्याचे लक्षण असून तीन-चार दिवसांत त्या ओसरतात. असह्य झाल्यास अंगावर पाजणाऱ्या मातेस चालेल असे औषध डॉक्टर देऊ शकतात.

दुसरी अडचण वेळेची. पहिल्या वेळी आई केवळ बाळाची होती. आता उंबऱ्यावर थोरले मूल उभे असते. आई पाजावयास बसली की त्याला नेमकी तहान लागते, गोष्ट हवी असते, नाहीतर ते नुसतेच रडते. त्यास दटावण्यापेक्षा पाजण्याच्या वेळी त्याला जवळ बसवून गोष्ट सांगावी, खाऊची वाटी आधीच भरून ठेवावी. आणि घरातील इतरांनी नवे बाळ उचलून घेण्याची घाई करण्याऐवजी थोरल्याला सांभाळावे. आईला बाळापासून सुटका नको असते. तिला इतर कामांपासून सुटका हवी असते.

थोरले अजून अंगावर पीत असेल तर? गर्भारपणात दूध पुष्कळदा कमी होते व त्याची चवही बदलते, त्यामुळे काही मुले आपण होऊन सोडतात. प्रकृती निरोगी असेल तर गर्भारपणात पाजण्यास सहसा बाध येत नाही. मात्र अवेळी कळा येण्याचा धोका असलेल्या स्त्रीने डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. बाळंतपणाच्या सुमारास पुन्हा चीक येतो. तो चीक आणि पुढील दिवसांतील दूध यांवर पहिला हक्क तान्ह्याचा. थोरल्याने मागाहून प्यावे.

दूध पुरते की नाही?

याचा निवाडा स्तनांच्या आकारावरून अथवा बाळाच्या रडण्यावरून करू नये. चीक दिसावयास थोडा असतो, पण पहिल्या दिवशी बाळाची गरजही काही चमच्यांचीच असते. तो फेकून देऊन मध अथवा गुळाचे पाणी चाटविणे, ही रूढी सोडण्यासारखी आहे. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन सुमारे सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटते आणि दोन आठवड्यांच्या आत ते बहुधा भरून येते. पाचव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा अथवा अधिक वेळा लघवी करीत असेल, पिताना त्याच्या गिळण्याचा आवाज ऐकू येत असेल व त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे खुशाल समजावे. वजन घटतच राहिले अथवा बाळ निपचित पडू लागले, तर मात्र घरगुती तर्क न करता त्वरित डॉक्टर गाठावा.

जन्मानंतर तासाभरात पाजावे, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे आणि नंतर वरच्या अन्नासह दोन वर्षे अथवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे. अळीव, डिंकाचे लाडू, मेथी यांनी मातेचे पोषण होते; परंतु दूध वाढते ते मुख्यतः वारंवार पाजल्याने. शाकाहारी मातांविषयी मात्र एक गोष्ट विसरू नये. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. दोन बाळंतपणांत अंतर थोडे असेल तर मातेचा साठा आणखी उतरतो आणि तिच्या दुधातही ते कमी पडून बाळाची वाढ खुंटू शकते. म्हणून दुसऱ्या गर्भारपणातच रक्ताची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ही उणीव भरून काढावी.

काही थोड्या मातांस खरोखरच दूध पुरत नाही. दुग्धपिंडांची वाढच अपुरी असणे, पूर्वीची स्तनाची शस्त्रक्रिया, थायरॉईडचा विकार, वारेचा तुकडा आत राहणे, अशी त्याची कारणे असतात. अशा वेळी वरचे दूध हे बाळाचे औषधच होय. त्याबद्दल मातेस बोल लावणे हा अन्याय आहे. जेवढे दूध येते तेवढेही मोलाचे असते.

पेढीवरील कर्तव्य

आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांत बाळांच्या पावडरीचे डबे विकले जातात. त्यात गैर काहीच नाही. परंतु १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने या मालाची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, खरेदीवर भेट देणे यांस बंदी घातलेली आहे, हे प्रत्येक दुकानदारास ठाऊक असावे. "दूध येत नाही" म्हणून घाबऱ्या घाबऱ्या डबा मागणाऱ्या तरुण पित्यास डबा द्यावा, पण "डॉक्टरांना दाखविलेत का?" एवढे अवश्य विचारावे.

दुसरे कर्तव्य मालक या नात्याचे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपर्यंत प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम ठेवण्यात आली. अर्थात दुसऱ्या बाळासाठीही रजा तितकीच आहे. कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईतोवर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी देण्याचीही तरतूद आहे. दहांहून कमी माणसे असलेल्या लहान दुकानास हा नियम लागू नसेल. पण गल्ल्यामागील एक आडोसा, एक खुर्ची आणि अर्धा तास एवढे देण्यास कायद्याची गरज नाही.

तात्पर्य, दुसऱ्या खेपेस शरीर अधिक तयार असते व हात अधिक सराईत असतात. उसंत मात्र कमी असते. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाने आणि अनुभवाने दिलेल्या आहेत. तिसरी देणे घरच्यांच्या हाती आहे. पुढच्या वेळी आपल्या घरात ते जुने वाक्य कोणाच्या ओठांवर आले, तर त्याऐवजी "तू निवांत पाज, बाकीचे आम्ही पाहतो" एवढेच म्हणावे.